खोक्यातली पाहुणी

संक्रांतीचा दुसरा दिवस. किंक्रांत. दुपारची भांडी आवरून मी जरा आडवी होणार, तोच दारात पोरांचा कल्ला झाला. ‘‘काकू, काकू, लवकर चला! निंबाला घार लटकलीय!’’

दीपनगर म्हटलं की बाहेरच्या लोकांना विजेच्या कारखान्याच्या उंच चिमण्याच तेवढ्या आठवतात. पण आमच्या या वसाहतीत झाडंही भरपूर आहेत. कडुनिंब, पिंपळ, गुलमोहर. त्यावर बुलबुल, साळुंक्या, राघू, आणि उंच शेंड्यांवर घारी. अशाच एका निंबावर ती उलटी लटकत होती. एक पंख मांजात अडकलेला, दुसऱ्याने फडफड चाललेली. जेवढी फडफडेल तेवढा तो नायलॉनचा धागा आणखी आत रुतत होता. खाली पंधरा-वीस माणसं. अर्ध्यांच्या हातात मोबाइल.

वायरमन भाऊंनी शिडी आणली. मी घरातला जाड टॉवेल दिला. त्यांनी आधी तिचं डोकं आणि पंख टॉवेलने झाकले, मग झाडाकडचा मांजा कात्रीने कापला आणि तिला अलगद खाली आणलं. तोंड झाकल्याबरोबर ती गप्प झाली. मला वाटलं, गेली! पण टॉवेलखाली श्वास चालू होता.

‘‘माय वं, घार घरात नेऊ नको बाई, अपशकुन असतो,’’ शेजारच्या आजी म्हणाल्या. तेवढ्यात कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. ‘‘आधी पाणी पाजा तिला, जीव जाईल तिचा!’’

मी पेला बाजूला सारला. लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तहानलेल्याच्या तोंडचं पाणी काढून घेतलं. पण मैत्रिणींनो, पाणी न पाजण्याची अक्कल मला फुकट आलेली नव्हती. त्यासाठी एका पक्ष्याचा जीव गेला होता. माझ्याच हातून.

ग्लुकोजचं पाणी

गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली. भुसावळचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगू? पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की माणसं दुपारी दार उघडत नाहीत, तिथे पाखरांनी कुठे जावं? अशाच एका दुपारी आमच्या अंगणात भारद्वाज पडलेला दिसला. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. भारद्वाज दिसणं शुभ मानतात. तो तर चक्क माझ्या दारात आला होता! मला कोण आनंद झाला.

मी त्याला उचलून मांडीवर घेतलं. पंख्याखाली बसले. ग्लुकोजचं पाणी केलं आणि चमच्याने त्याच्या चोचीत घातलं. एक चमचा, दोन चमचे, तीन. मुलगी तेव्हा लहान होती, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. चौथ्या चमच्याला तो खोकल्यासारखा झाला, मान टाकली आणि गेला.

‘‘आई, आपण तर त्याला पाणी दिलं ना, मग तो का मेला?’’ मुलीने विचारलं. ‘‘त्याचं आयुष्य तेवढंच होतं गं,’’ असं काहीतरी मी बोलले. खरं उत्तर मला पुढे दोन वर्षांनी एका पशुवैद्यांनी सांगितलं. आमच्या बचत गटाच्या शेळ्यांना लस द्यायला ते आले होते. सहज विषय निघाला. ते म्हणाले, ‘‘ताई, पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड त्याच्या जिभेच्या मुळाशीच असतं. शुद्धीवर असलेला पक्षी स्वतः पाणी पितो तेव्हा ते बंद होतं. पण अर्धमेल्या पक्ष्याच्या चोचीत आपण पाणी ओतलं तर ते थेट फुप्फुसात जातं.’’

म्हणजे तो उन्हाने नव्हता गेला. उन्हातून कदाचित वाचलाही असता. माझ्या मायेने गेला. त्या रात्री मी जेवले नाही.

अंधाराचं औषध

म्हणून घारीच्या वेळी मी हळद, तेल, दूध, पाणी यातलं काही जवळ येऊ दिलं नाही. आपण बायका कुणाला लागलं की आधी हळद-तेल शोधतो. पण तेला-तुपाने पिसं चिकटतात, आणि तेलकट पिसांचा पक्षी ना नीट उडू शकतो ना स्वतःला ऊब देऊ शकतो. दूध तर पक्ष्यांना पचतच नाही. भेदरलेल्या, थंड पडलेल्या पक्ष्याला खायला घालणंही धोक्याचं.

मग करायचं काय? टीव्हीचं मोठं रिकामं खोकं होतं. त्याला बाजूने भोकं पाडली, तळाशी जुनी सुती साडी अंथरली, घारीला आत ठेवलं आणि वरून झाकलं. खोकं मागच्या खोलीत नेलं, पंखा बंद, दार बंद. पोरांना बाहेर बसवलं. बस्स, एवढंच!

एवढंच, पण त्यामागे कारण आहे. रानच्या पक्ष्याला आपण वाचवणारे वाटत नाही, खाणारे वाटतो. आपण प्रेमाने हात फिरवतो तेव्हा तो शांत झालेला नसतो, भीतीने गोठलेला असतो. नुसत्या धसक्यानेही पक्षी मरू शकतो. अंधारात त्याला दिसत नाही म्हणून त्याची भीती उतरते. अजून एक गोष्ट. आपल्याला श्वासासाठी छातीखाली पडदा असतो, पक्ष्यांना तो नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच त्यांचा श्वास चालतो. म्हणून पक्ष्याला ‘घट्ट पकडून’ ठेवलं तर तो गुदमरतो. पकड पंखांवर हवी, छातीवर नको.

जखमेत रुतलेला मांजाही मी ओढला नाही. लोंबणारा तेवढा कापला. आतला काढणं डॉक्टरांचं काम.

१९२६

खोकं ठेवून मी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. आपल्या राज्यात हा नंबर वन्यप्राण्यांसाठी आहे, आणि तो प्रत्येकीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेला असावा असं मला वाटतं. दिवेलागणीच्या सुमाराला वनविभागाची माणसं आली. आधी माझं नाव, पत्ता, घार कुठे सापडली, किती वाजता, हे सगळं लिहून घेतलं. शेजारच्या वहिनी घाबरल्या. ‘‘तुझ्यावर केस तर नाही ना करणार?’’

नाही. कायदा समजून घेतला तर भीती राहत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातले पक्षी आपण घरी पाळू शकत नाही. पिंजऱ्यातला आपला नेहमीचा राघूसुद्धा त्यात येतो बरं का! पण जखमी पक्ष्याला जीव वाचवायला उचलणं वेगळं. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं, असं कायदा सांगतो. मी म्हणते, ४८ तास कशाला, पहिल्या तासातच कळवा. पक्ष्याची जखम थांबत नसते.

डॉक्टरांनी टॉवेल उघडून पाहिलं. हाड मोडलं नव्हतं. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून ताणलेली कातडीची पातळ पट्टी असते, ती चिरली होती. ‘‘फडफडून शिर तुटली असती तर ही पुन्हा कधीच उडाली नसती,’’ डॉक्टर म्हणाले. जखम धुतली, टाके घातले आणि घार वनविभागाच्या लोकांबरोबर गेली. मुलगी म्हणाली, ‘‘आई, आपल्याकडेच राहू दिली असती तर?’’ मोह मलाही झाला होता. पण शिकारी पक्ष्याला काय खायला द्यायचं, पंखाला व्यायाम कसा द्यायचा, हे आपलं काम नाही. पोळी-भाताने घार जगत नाही.

दिल्लीचे दोन भाऊ

घारीवरून दिल्लीच्या नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांची हकिगत आठवते. शाळकरी वयात त्यांना एक जखमी घार सापडली. ती घेऊन ते पक्ष्यांच्या दवाखान्यात गेले, पण तिथे मांसाहारी पक्षी घेत नव्हते. पोरं बिचारी, घार जिथून उचलली तिथेच ठेवून आली. ती सल मनात राहिली. पुढे २००३ मध्ये दुसरी जखमी घार त्यांनी घरीच आणली आणि उपचार करवले. दोघांनाही व्यायामशाळेचा नाद, त्यामुळे स्नायू आणि शिरा यांची थोडी माहिती होती. बाकीचं ते शिकत गेले. पुढे त्यांनी पक्ष्यांसाठी संस्थाच काढली आणि हजारो घारींवर उपचार केले. त्यांच्यावर शौनक सेन यांनी केलेला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ मध्ये आला आणि २०२३ च्या ऑस्करच्या नामांकनात पोचला.

मला त्यात ऑस्करपेक्षा ती पहिली, ठेवून आलेली घार जास्त जवळची वाटते. त्यांची घार, माझा भारद्वाज. चुकल्याची सल असली की माणूस दुसऱ्या वेळी शहाणं होऊन धावतं.

मोठ्या शहरांत सोयी आहेत. मुंबईत परळला प्राण्यांचं जुनं हॉस्पिटल आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे. आपल्या भुसावळ-यावल-चोपड्याकडे तेवढं कुठलं? पण खोकं, जुनी साडी आणि एक फोन तर प्रत्येक घरात आहे. पहिला तास सांभाळायला तेवढं पुरतं.

हेही लक्षात ठेवा

मे-जूनमध्ये अंगणात पिल्लू दिसलं तर लगेच उचलू नका. अंगावर पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असतं. आई-बाप जवळच असतात. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे.

पक्ष्यांना घाम येत नाही, ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात. उन्हाने पडलेल्या पक्ष्याला सावलीत, खोक्यात ठेवा. शुद्धीवर आला की उथळ वाटीत पाणी समोर ठेवा. तो स्वतः पिईल. गच्चीवर मातीच्या परळात पाणी ठेवा, बुडू नये म्हणून मधे एक दगड टाका आणि परळ रोज धुवा.

पक्ष्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. घारीसारख्याच्या चोचीपेक्षा नख्या वाईट, त्या सांभाळा. आणि एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर अजिबात हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला तो आपल्या खान्देशातच, नवापूरला. हे आपण तरी विसरायला नको.

मूठभर मांजा

नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी तो चोरून मिळतो आणि आपली पोरं तो आणतात. पैसे कोण देतं? आपणच! या मांजाने दुचाकीवरच्या माणसांचे गळे चिरले आहेत. आणि हा धागा कुजत नाही. संक्रांत संपते, पण तो झाडावर महिनोन्‌महिने राहतो. घारींची घरटी करण्याची वेळही नेमकी हीच, जानेवारी-फेब्रुवारीची.

म्हणून त्या वर्षी आमच्या हळदीकुंकवाला मी बायकांना सांगितलं, ‘‘वाण न्यायला याल तेव्हा आपल्या गच्चीवरचा, अंगणातला मूठभर मांजा गोळा करून आणा.’’ काही जणी हसल्या. पण सगळ्यांनी आणला. संध्याकाळी ताटाशेजारी एक अख्खी गोणी भरली. अपशकुनाची भीती घालणाऱ्या आजींनी नातवाला सोबत आणून त्याची फिरकी गोणीत टाकायला लावली!

फेब्रुवारीच्या शेवटी वनविभागाचा फोन आला. घार बरी झाली होती. तिला तिच्याच भागात सोडायचं होतं, म्हणून ते सकाळी दीपनगरला आले. मोकळ्या मैदानात खोकं उघडलं. ती बाहेर आली, क्षणभर जमिनीवर बसली. मग उडाली. आधी जरा जड, मग दिव्याच्या खांबावर, आणि तिथून वर. गोल गोल घिरट्या घालत एवढी उंच गेली, की इतर घारींमध्ये ती कोणती हे कळेना.

तिने मागे वळून पाहिलं नाही. मुलगी हिरमुसली. ‘‘थँक्यू तरी म्हणायला हवं होतं तिने!’’

मी तिला म्हटलं, ती आपल्याला ओळखत नाही, याचाच अर्थ ती अजून रानाची आहे. आपण तिला आपली केलं असतं, तर ती उडाली नसती. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आई, तो भारद्वाज गं...’’

‘‘हो,’’ मी म्हटलं, ‘‘त्याच्याकडूनच शिकले.’’ इतक्या वर्षांनी तिला खरं उत्तर दिलं.