मासळीची लूट आणि कायद्याचा हात

शहरातल्या माणसाची आणि मासळीची गाठ पडते ती बाजारातील पाटीपाशी. पापलेट लहान झाले आणि भाव मोठा झाला, अशी तक्रार करून तो घरी जातो. या तक्रारीचे मूळ समुद्रात आहे, आणि समुद्राइतकेच ते कायद्यातही आहे, हे आज आम्हांला श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे.

बेकायदा मासेमारी म्हटली की परदेशी जहाजे येऊन आपली मासळी पळवितात, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. अशा जहाजांसाठी संसदेने १९८१ साली स्वतंत्र कायदा केला आणि समुद्रावर तो राबविण्याचे काम तटरक्षक दल करते. परंतु आपल्या किनाऱ्यावरील रोजचे भांडण परक्यांशी नाही. ते आपल्याच नौकांचे आपल्याच नौकांशी आहे.

प्रथम हद्दीचा प्रश्न पाहू. आपल्या घटनेने समुद्राची वाटणी केली आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, मासेमारीचा विषय राज्याचा. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा. महाराष्ट्राने आपल्या हद्दीसाठी १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. १२ मैलांपलीकडे मात्र भारतीय नौकांसाठी सर्वंकष कायदा नव्हता. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने प्रखर दिवे लावून आणि दोन नौकांनी मिळून जाळे ओढून केलेल्या मासेमारीस बंदी केली, ती आदेशाने. २०२१ साली एका विधेयकाचा मसुदा पुढे आला. मच्छीमारांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आणि ते संमत झाले नाही. अखेर ४ नोव्हेंबर २०२५ रोजी १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याखाली नियम निघाले. यांत्रिक नौकांना आता दूरच्या पाण्यात जाण्यास परवाना लागतो, लहान पारंपरिक मच्छीमारांना त्यातून सूट आहे, आणि वरील दोन्ही प्रकारांवरची बंदी नियमांत आली आहे.

म्हणजे कागदावरची फट बरीचशी बुजली. परंतु पाण्यावर रेघ ओढता येत नाही. रात्री १० मैलांवर जाळे टाकणारा पहाटे बंदरात येऊन “आम्ही १५ मैलांवर होतो” असे सांगतो. मासळीवर सागरी मैलाचा शिक्का नसतो.

आता मनाई कशाला आहे आणि का, ते समजून घेऊ. बांगडा आणि तारली ही मासळी थव्याने फिरते. पर्ससीन जाळे त्या थव्याला वेढा घालते आणि खालची दोरी ओढली की बटव्यासारखे मिटते. सगळा थवा एका नौकेच्या पदरात पडतो. सिंधुदुर्गातील रापणकर हाच थवा किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहत असतो. रापण ओढावयास पुष्कळ हात लागतात आणि आलेल्या मासळीत त्या सर्वांचा वाटा असतो. थवा बाहेरच उचलला गेला तर वाड्यावाड्यांतल्या चुली थंड राहतात. म्हणूनच ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनचे परवाने आणि मोसम यांवर मर्यादा घातली.

दिव्यांच्या मासेमारीत एक नौका जनित्र आणि दिवे घेऊन उभी राहते. उजेडाला मासळी गोळा होते आणि जाळे टाकते ती दुसरी नौका. जाळेवाली नौका सापडली तर तिच्यावर दिवा नसतो. दिवेवाली सापडली तर तिच्यावर मासळी नसते!

तिसरा प्रकार लहान पिलांचा. ट्रॉल जाळ्याच्या शेपटाशी जी पिशवी असते, तिची भोके शंकरपाळ्याच्या आकाराची असली तर जाळे ताणले जाताच ती मिटतात आणि पिले आतच राहतात. चौकोनी भोके ताणातही उघडी राहतात आणि पिलांना वाट मिळते. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळून खाणे होय. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याच महिन्यात पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. तो मान पापलेटाची पिले पाटीत येऊ नयेत यासाठी आहे, असे आम्ही समजतो.

१९८१ च्या कायद्यात दंड ठरे तो मुख्यतः सापडलेल्या मासळीच्या किमतीवर, पाच पटींपर्यंत. मासळी थोडी सापडली, किंवा लिलावात तिची किंमत कमी झाली, की दंडही खाली येई. शिवाय निवाडा तहसीलदारांकडे, आणि त्यांच्यामागे जमीनमहसुलापासून निवडणुकांपर्यंत शंभर कामे. २०२१ च्या दुरुस्तीने हे दोन्ही बदलले. निवाडा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला. परवान्याविना पर्ससीन वापरल्यास १ लाखापासून ६ लाखांपर्यंत आणि दिव्यांच्या मासेमारीस ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड झाला. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोननेही पाहणी सुरू झाली. ही पावले चांगली आहेत आणि आम्ही त्यांचे स्वागत करतो.

परंतु कायदा बळकट होतो तो दंडाच्या आकड्याने नव्हे. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे हे गिरण्यांच्या इतिहासातून शिकलो. आपल्या देशात पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला. शंभराहून कमी माणसांचे कारखाने त्यातून वगळले होते आणि प्रौढ कामगारांना त्यात संरक्षणच नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, आणि १८९१ च्या दुरुस्तीत साप्ताहिक सुट्टी आली. ज्याच्यासाठी कायदा आहे त्याला बोलावयास जागा मिळेल तेव्हाच कायदा हलतो. आणि कायद्याला पत्ता लागतो; नफा ज्याच्या घरी जातो त्याचा पत्ता.

आज समुद्रात पकडला जातो तो तांडेल आणि त्याचे खलाशी. कोणते जाळे भरावयाचे, दिवे लावावयाचे की नाही, हे खलाशी ठरवीत नाही. पुष्कळ खलाशी परप्रांतांतून, काही नेपाळातून आलेले. बंदरात त्यांना ना घर ना ओळख. वाट्याच्या पद्धतीत आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो आणि उरलेल्याचे वाटे पडतात. दंडही जर खर्चातच धरला, तर लाखांचा दंड अखेर कोणाच्या खिशातून गेला, हे सांगावयास नको. नौका जप्त होऊन बंदरात उभी राहिली की मालकाचा मोसम बुडतो, आणि खलाशाचा रोजचा भात बुडतो.

यास्तव आमचे म्हणणे असे, की कायद्याचा हात समुद्रावर जितका लांब, तितकाच बंदरावर घट्ट असला पाहिजे. ससून डॉक असो वा मिरकरवाडा, मासळी शेवटी धक्क्यावर उतरावीच लागते आणि तेथे दिवसाउजेडी मोजता येते. उतरलेल्या मासळीची नोंद नौकेच्या नावावर व्हावी. किमान लांबीची फूटपट्टी मच्छीमाराप्रमाणेच खरेदीदाराच्या आणि मत्स्यपिठाच्या कारखानदाराच्या काट्यापाशीही असावी. पिलांना गिऱ्हाईक नसेल तर ती कोण पकडील? दिवेवाली नौका आणि जाळेवाली नौका यांना एकाच गुन्ह्याचे भागीदार धरावे. सरकार यांत्रिक नौकांना डिझेलवरील कराचा परतावा देते. पुनःपुन्हा गुन्हा करणाऱ्याचा तो थांबला तर दंडाहून अधिक झोंबेल. दंड खलाशांच्या वाट्यातून कापता येणार नाही, असे कायद्यातच लिहावे. आणि खरी साक्ष देणाऱ्या खलाशाला दुसऱ्या दिवशी नौकेवरून उतरविले जाणार नाही, अशी हमी द्यावी.

कोणी म्हणेल, नौकामालकही कर्जात बुडालेला असतो. खरे आहे. पुष्कळ मालक व्यापाऱ्याची उचल घेऊन नौका समुद्रात घालतात आणि ती फेडण्यासाठी मासळी त्याच व्यापाऱ्याला घालतात. म्हणूनच साखळीच्या एकाच कडीवर घाव घालून भागत नाही. सहकारी संस्थांनी बर्फ, डिझेल आणि विक्री आपल्या हाती ठेवली तर मालकालाही बेकायदा फेरीचा मोह आवरता येईल.

कायदा कडक करा, ही मागणी सोपी आहे, आणि अशी मागणी झाली की पहिला फटका होडीवाल्यालाच बसेल, ही लहान मच्छीमाराची भीती अनाठायी नाही. ती दूर करावयाची तर नियम करताना रापणकर, डोलकर आणि खलाशी यांचे प्रतिनिधी सल्लागार समित्यांत बसले पाहिजेत. शहरवासीयांचेही यात काम आहे. हातभर पापलेट परवडत नाही म्हणून बोटभर पिले घेण्याचे आपण सोडले, तर किमान लांबीचा नियम बाजारातही पाळला जाईल. समुद्रावर पहारा करावयास सरकारच्या नौका आहेत. पाटीपाशी पहारा आपणच करावयाचा आहे.