आडवं, उभं आणि तिरकं

मराठी शब्दकोडं एकट्यानं पुरं होत नाही, असं माझं जुनं मत आहे. त्याला एक माणूस पोथीतला लागतो आणि एक रानातला. पोथीतल्याला ‘पाणी’ म्हटलं की नीर, तोय, सलिल, उदक एका दमात आठवतात. रानातल्याला ‘नांगराची मूठ’ वाचून दाखवायचा अवकाश, ‘रुमणं’ तोंडातून निघालेलं असतं. हे दोघं एका बाकावर बसले की कोडं दुसरा चहा यायच्या आत उरकतं.

पुणे जिल्ह्यातलं पिंपरी पेंढार अशा बाकांच्या मुलखात आहे. कल्याण-नगर महामार्गावर ओतूर मागं टाकून आळेफाट्याकडे निघालं की हे गाव लागतं. आजूबाजूला कांदा, टोमॅटो, ऊस, आणि उसामुळं बिबटे. पिंपळगाव जोगा धरणाचा कालवा याच पट्ट्यातून पारनेरकडे जातो. या रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात पेपर एक आणि वाचणारे सात असतात, त्यामुळं पेपर पानापानांनी सुटा होतो. बाजारभावाचं पान आधी पळतं, मग पहिलं, मग तालुक्याचं. कोड्याचं पान बाकावर पडलेलं असतं, आणि त्याच्याभोवती ठरलेली दोन-चार माणसं.

“तात्या, पाभरीवरचा, बी सोडायचा पेला. दोन अक्षरी.”

“चाडं. हे काय विचारायचं झालं, गुरुजी? कधी चाड्यावर मूठ धरली नाय वाटतं तुम्ही.”

“नाही धरली. आता हे तुम्ही सांगा. चांदी, तीन अक्षरी, ‘र’नं सुरू.”

तात्या गप्प. मग गुरुजीच लिहितात : रजत.

“आमच्या नातवाचं नाव हाय की ते! चांदी व्हय?”

हा संवाद मी रचलेला आहे, पण यातली अडचण खरी आहे. तात्या ‘चाडं’ म्हणतात आणि छापील उत्तर ‘चाडे’ असतं. शेवटच्या घरात ‘डं’ लिहायचं की ‘डे’, यावर वरून खाली येणारा उभा शब्द अडतो. बोलीतला अनुस्वार आणि पुस्तकातली मात्रा एकाच घरात येतात तेव्हा रबर लागतं.

हे घर म्हणजे मराठी कोड्याचं सगळं यंत्र. इंग्रजी कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं आणि अक्षरं अवघी २६. आपल्याकडे घरात बसतं ते काना-मात्रा-वेलांटीसकट आख्खं अक्षर. चौतीस व्यंजनं आणि बाराखडीची बारा रूपं धरली तरी ४०८ होतात. जोडाक्षरं त्याच्या वर. सोडवणाऱ्याची यात चैन आहे. इंग्रजीत उभ्या शब्दानं एखादा ‘ए’ हाती दिला तर त्यावरून फारसं काही कळत नाही. मराठीत ‘क्षी’ हाती आला की पक्षी, साक्षी, मीनाक्षी एवढ्यातच शोध संपतो. रचणाऱ्याचे मात्र हाल. आडव्या शब्दातला ‘ट्या’ उभ्या शब्दातही बसवायचा तर तसा शब्द आणायचा कुठून? बिबट्या सापडेल, पण त्याच्या शेपटीला दुसरं काय अडकवणार?

म्हणून कोडेकार बिनकान्याच्या शब्दांकडे पळतो. एक लहानसा चौकोन करून पाहा. पहिल्या ओळीत ‘नगर’, दुसरीत ‘गरज’, तिसरीत ‘रजत’. आता वरून खाली वाचा. पुन्हा नगर, गरज, रजत. नऊ घरं, एकही काळा चौकोन नाही आणि एकही काना नाही. सरकारदरबारी नगर शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. कोडेकाराचं काम मात्र ‘नगर’वाचून चालायचं नाही. हाच चौकोन काने-मात्रे असलेल्या शब्दांचा करायला बसा, म्हणजे रोज असं कोडं देणाऱ्याविषयी आदर वाटू लागेल.

बिनकान्याच्या शब्दांच्या या ओढीचा परिणाम कोड्याच्या शब्दसंपत्तीवर झाला. कमल, नयन, वदन, समर, अनल, कनक, शर, कर. यातले निम्मे शब्द बोलताना कुणी वापरत नाही. ते कोड्यांत आणि बारशांत जगतात. रोज कोडं भरणाऱ्याला अमरकोश न उघडताही कमळाची पाच-सहा नावं पाठ होतात. ह्रस्व-दीर्घाची भानगड आणखी वेगळी. आडव्यात ‘कि’ हवी आणि उभ्यात ‘की’, अशा वेळी अनेक कोड्यांत तो फरक चालवून घेतात. शुद्धलेखनवाल्यांना ते खपत नाही. मला खपतं, कोडं सोडवणारा काही परीक्षेला बसलेला नसतो.

या खेळाचा जन्म न्यूयॉर्कचा. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या २१ डिसेंबर १९१३च्या रविवार पुरवणीत आर्थर विन या लिव्हरपूलच्या माणसानं शंकरपाळ्याच्या आकाराचं पहिलं कोडं दिलं. १९२४ साली कोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं आणि अमेरिका वेडी झाली. त्याच दशकात नानासाहेब परुळेकर न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. परत येऊन १ जानेवारी १९३२ला त्यांनी पुण्यात ‘सकाळ’ काढला. या दोन गोष्टींचा धागा जोडायचा मोह होतो, पण पुरावा हाती नसताना जोडू नये. दुसऱ्या महायुद्धातल्या कोड्यांच्या हेरकथा सगळ्यांनी सांगून झाल्या आहेत, त्या सोडून देतो. कारण आपल्या घरची एक गोष्ट जास्त रंगतदार आहे, आणि ती कोर्टातली आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा मोठा धंदा होता. प्रवेशशुल्क भरायचं, कोडं सोडवून पाठवायचं आणि बक्षिसाची वाट बघायची. मुंबई राज्यानं, ज्यात तेव्हा पुणे जिल्हाही होता, १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. बेंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’ येत. छपाई म्हैसूर राज्यात, गिऱ्हाईक मुंबई राज्यात. १९५२च्या दुरुस्तीनं बाहेर छापलेल्या पण इथं खपणाऱ्या पत्रांनाही कायद्यात ओढलं आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तिथं प्रश्न असा आला की शब्दकोडं हा बुद्धीचा खेळ की जुगार? या स्पर्धांची मेख सूत्रांत होती. मी एक नमुना करून दाखवतो. सूत्र : ‘श्रीमंताच्या घरी हे असायलाच हवं’, दोन अक्षरी, शेवटचं अक्षर ‘न’, पहिल्या घराला उभा शब्द नाही. दान की मान? दोन्ही बसतात. कुठलं बरोबर, ते चालकानं आधीच ठरवून बंद ठेवलेलं असतं. अशी दहा सूत्रं एका कोड्यात पेरली तर संभाव्य उत्तरपत्रिका होतात १,०२४. हुशार माणूस मग विचार करायचा सोडतो आणि जास्तीत जास्त पत्रिका भरून शुल्क पाठवत राहतो. धंद्याला तेच हवं असतं.

९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या पीठानं मुंबई राज्याच्या बाजूनं निकाल दिला. आधी ठरवलेल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळणं हे ज्ञानानं होत नसेल, तर तो नशिबाचा खेळ. आणि जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही. निकालपत्रात ऋग्वेदातलं जुगाऱ्याचं सूक्त आलं, महाभारतातलं द्यूत आलं. त्याच दिवशी केंद्राच्या १९५५च्या बक्षीस स्पर्धा कायद्यावरचा निकालही लागला. त्या कायद्यानं महिन्याची बक्षिसं १,००० रुपयांत आणि प्रवेशिका २,०००त बांधल्या होत्या. न्यायालयानं तो कायदा उचलून धरला, पण जुगारी स्पर्धांपुरताच. जिथं कौशल्य चालतं त्या स्पर्धा त्याबाहेर राहिल्या.

वकील हे निकाल अजून वेगळ्या कारणांसाठी वाचतात. कोडेकारानं ते वाचावेत ते चांगलं सूत्र कसं ओळखायचं, यासाठी. उत्तर सापडल्यावर ते बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला तिथल्या तिथं कळलं पाहिजे; त्यासाठी दुसऱ्याच्या बंद पाकिटावर अवलंबून राहायला लागू नये. आपल्या रोजच्या कोड्यात ही खात्री उभे शब्द देतात. ‘पाणी, दोन अक्षरी’ याला जल, नीर, तोय, पय सगळं चालतं. आडव्या-उभ्याची गाठ पडली की एकच उरतं. दुसरा मार्ग गूढ कोड्याचा. तिथं सूत्राच्या पोटातच दोन वाटा असतात, एक अर्थाची आणि एक शब्दाच्या बांधणीची. दोन्ही एकाच शब्दावर येऊन मिळाल्या की उद्याच्या अंकाची वाट बघायची गरज नाही.

हा प्रकार इंग्रजांचा. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये टॉर्केमाडा या टोपणनावाचा कोडेकार १९२६पासून वाचकांना छळायचा, आणि टोपणनाव त्यानं घेतलं होतं स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचं. गूढ कोडं मराठीत जमत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी चार सूत्रं देतो, कंसात अक्षरांची संख्या.

‘नदी उलटी वाहू लागली की गरीब (२)’. नदी उलटी लिहा : दीन. ‘का युद्ध? काहीतरी निमित्त असेल (३)’. का आणि रण मिळून कारण. ‘आमचा करमाळ्यात लपलेला नोकर (३)’. ‘आमचा करमाळ्यात’ सलग वाचा आणि मधली तीन अक्षरं उचला, चाकर हजर. ‘सरकारचा हात (२)’ याचं उत्तर महिनाअखेरीला पगारातून कापलं जातं.

अक्षर आख्खं धरायचं असल्यामुळं मराठीत उलटापालट मोजक्याच शब्दांची होते, पण होते तेव्हा फार स्वच्छ होते. आणि ती आपल्याला नवी नाही. वाल्या कोळ्याला ‘मरा मरा’ म्हणायला लावून त्याच्या तोंडी ‘राम’ आणणाऱ्या कथेत उलट्या शब्दाचं सूत्रच आहे. पुणे जिल्ह्यातल्याच बारामतीच्या मोरोपंतांनी तर रामायणांची खेळणी केली. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायचं एकही व्यंजन नाही. म्हणजे रामाची गोष्ट सांगायची, पण ‘म’ निषिद्ध असल्यामुळं ‘राम’ म्हणायची सोय नाही. मुक्ताबाईंच्या कूट अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते; वारकरी त्याचा अर्थ अजून उलगडून सांगतात.

पिंपरी पेंढारच्या माणसाला याहून जवळचं उदाहरण नारायणगावात मिळेल. जत्रांच्या हंगामात तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. त्या शाहिरी परंपरेत कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहत. एक पक्ष शक्ती थोर म्हणायचा, दुसरा शिव. एकानं डफावर पुराणातलं कूट टाकायचं, दुसऱ्यानं ते गाऊन सोडवायचं. त्याला भेदिक म्हणत. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं असा श्रोता रात्रभर बसून ही कोडी ऐकायचा आणि कुणाचं उत्तर लंगडं पडलं ते त्याला कळायचं. त्यामुळं गूढ सूत्रं सामान्य वाचकाला झेपणार नाहीत, हे म्हणणं मला पटत नाही.

दैनिकांची अडचण समजते. जागा आखडली, सुडोकू आलं. सुडोकूला कोडेकार लागत नाही, शुद्धलेखन लागत नाही आणि ते कुठल्याही भाषेच्या पेपरात तसंच्या तसं छापता येतं. उरलेल्या जागेत समानार्थी शब्दांचं कोडं येतं, आणि त्यात त्याच शंभर-दोनशे संस्कृत शब्दांचा फेरा चालतो. रुमणं, चाडं, शिवळ, पाट हे कधीमधी पाहुण्यासारखे येतात. खरं तर ‘पाट’ हा कोडेकाराला फुकट मिळालेला शब्द आहे : ‘रानात पाणी आणतो, पंगतीत बसायला मिळतो (२)’. कालव्याच्या कडेला राहणाऱ्याला हे सूत्र लिहूनच कळेल असं नाही, ऐकूनही कळेल.

तालुक्याच्या पुरवणीत आठवड्याला एक कोडं त्या तालुक्याचं असायला काय हरकत आहे? मालाला तोटा नाही. ‘हाकेला उत्तर दिलं आणि डाळीचं पीक घेतलं, गाव सापडलं (३)’ : ओ आणि तूर, ओतूर. ‘झाडाभोवती खणा, वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी मिळेल (२)’ : आळे, जिथं ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. ‘पिंपरीच्या पोटात अप्सरा (२)’ याला तर पोरंसुद्धा उत्तर देतील. आणि तात्या-गुरुजींच्या बाकासाठी एक बिनउत्तराचं ठेवतो : ‘माळशेजला उतरतो, नदीला बांधतात, मनात आला की घालतात (२)’.