संगणकांची सावड आणि भाड्याचे संगणक

भाताच्या लावणीइतके निकडीचे काम शेतीत दुसरे नाही. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले आणि खाचरात पाणी साचले, की थोड्या दिवसांतच चिखलणी व लावणी उरकावी लागते. आणि नेमकी त्याच वेळी साऱ्या गावाची घाई असते. अशा वेळी शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. आज माझ्या शेतावर तुम्ही, उद्या तुमच्या शेतावर मी, अशी सावड करावयाची. अथवा रोख मोजून मजूर व पॉवर टिलर आणावयाचा. जाणता शेतकरी दोहोंचा मेळ घालतो. नित्याचे काम सावडीवर काढतो आणि अडेल तेवढ्यापुरतेच भाड्याचे यंत्र आणतो.

शास्त्रीय संशोधनात संगणकांविषयी हाच प्रश्न उभा राहिला आहे. अनेक संस्थांनी आपापले संगणक जोडून केलेल्या सावडीस ‘ग्रिड’ म्हणतात. दुसऱ्याचे संगणक लागतील तेवढे व लागतील तितका वेळ भाड्याने घेण्याच्या पद्धतीस ‘क्लाऊड’ म्हणतात. भिवंडीच्या शेतकऱ्याने यात कशाला लक्ष घालावे, असे कोणी विचारील. परंतु भाताच्या नव्या वाणांचा शोध आणि मोबाईलवर येणारा पावसाचा अंदाज, ही दोन्ही आता फार मोठ्या गणितांवर अवलंबून आहेत. आणि त्या गणितांचा कच्चा माल काही अंशी आपल्याच गावांतून जातो.

ग्रिड हे नाव विजेच्या जाळ्यावरून आले. आपल्या घरातील दिवा खोपोलीच्या विजेवर लागला की तारापूरच्या, हे आपण विचारीत नाही. तद्वत आपले गणित कोणत्या गावच्या संगणकावर सुटले, हे शास्त्रज्ञाने विचारण्याचे कारण पडू नये, अशी ही कल्पना. इयन फॉस्टर व कार्ल केसेलमन यांनी १९९८ साली संपादिलेल्या ग्रंथाने ती रूढ केली. तिचे सर्वांत मोठे उदाहरण जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेचे आहे. तेथील प्रचंड यंत्रातून अणुगर्भातील सूक्ष्म कणांविषयी जी माहिती निघते, ती एका जागी साठविणे व तपासणे अशक्य असल्यामुळे ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रांनी ते काम वाटून घेतले आहे. मुंबईत कुलाब्यास असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक होय. आपल्या देशातही पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने ‘गरुड’ नावाची ग्रिड उभारून १७ शहरांतील संशोधन संस्था जोडल्या होत्या.

क्लाऊडची गोष्ट भिवंडीकरांस समजावून सांगावयास नको. आपल्या तालुक्यात मैलोगणती गोदामे उभी आहेत. माल ज्याचा, गोदाम दुसऱ्याचे. जागा वापराल तसे भाडे. अमेझॉन कंपनीने २००६ साली संगणकांचा असाच व्यवहार खुला केला आणि पुढे इतर कंपन्याही त्यात उतरल्या. भारत सरकारनेही शासकीय कामासाठी ‘मेघराज’ नावाने क्लाऊडची योजना आखून २०१४ साली राष्ट्रीय क्लाऊड सुरू केला.

आता मुख्य मुद्दा. कोणतेही गणित कोणत्याही यंत्रांवर वाटता येते, असा समज असल्यास तो दूर करावा. गणिताच्या दोन जाती आहेत.

पहिली जात यंत्रमागासारखी. व्यापारी सूत देतो, दहा कारखान्यांत ते विणले जाते. एका मागावर किती वार कापड झाले, हे शेजारच्या मागास ठाऊक असण्याची गरज नसते. भाताच्या वाणांचा अभ्यास बव्हंशी या जातीचा आहे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने चिनी संस्थांच्या सहकार्याने ८९ देशांतील सुमारे ३,००० वाणांच्या आनुवंशिक रचनेचे वाचन करून ती माहिती २०१४ साली प्रसिद्ध केली. भाताच्या एका वाणाची रचना म्हणजे सुमारे ४० कोटी अक्षरांची ओळ, आणि ती सरासरी १४ वेळा वाचलेली. यातील एका वाणाची जुळणी दुसऱ्यासाठी अडून राहत नाही. म्हणून ती हजार संगणकांवर वाटता येते. पुढे ही माहिती भाड्याच्या क्लाऊडवर सर्वांस खुली ठेवण्यात आली. पाण्याखाली बुडूनही सुमारे दोन आठवडे तग धरणारा स्वर्णा-सब१ हा वाण २००९ साली आपल्या देशात प्रसारित झाला. त्यातील तो गुण ओडिशातील एका जुन्या वाणातून आला आहे. असे गुण आणखी कोणत्या वाणांत दडले आहेत, हे शोधण्यास ही माहिती उपयोगी पडते.

दुसरी जात उतरणीवरील खाचरांसारखी. वरच्याने बांध फोडल्याशिवाय खालच्याचे पाणी ठरत नाही. हवामानाचे गणित असे आहे. आकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकातील वारा, ओल व उष्णता मोजीत पुढे जावयाचे, आणि प्रत्येक पावलास शेजारच्या चौकोनास विचारावयाचे. ही विचारपूस दूरच्या संगणकाशी करीत बसल्यास आजच्या पावसाचा अंदाज पाऊस पडून गेल्यावर हाती येईल! यास्तव असे गणित एकाच छपराखालील महासंगणकावर सोडवितात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत यासाठी ‘अर्क’ हा महासंगणक असून त्याचे लोकार्पण सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदास एकावर पंधरा शून्ये इतकी आकडेमोड. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये चौकोनाची बाजू १२ किलोमीटरांवरून ६ किलोमीटरांवर आली. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि काळाची पावलेही आखूड टाकावी लागतात. म्हणून श्रम सुमारे आठपट वाढतात. वज्रेश्वरीचा पाऊस व खारबावचा पाऊस वेगळा असतो, हे आपणास पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. संगणकास तो भेद दिसू लागण्यास एवढी किंमत मोजावी लागते.

तेव्हा सांगड घालावयाची ती कोणत्या कामाची? मुख्यतः पहिल्या जातीच्या, आणि तीही काम एकाएकी वाढले असता. अमेरिकेतील फर्मिलॅब या संस्थेने २०१६ साली हा प्रयोग केला. सर्नच्या एका प्रयोगाचे काम वेळेत होईना, तेव्हा आपल्या ग्रिडला अमेझॉनचे ५० हजारांहून अधिक संगणक-गाभे काही दिवसांपुरते जोडून घेतले. शास्त्रज्ञांनी काम नेहमीच्याच रांगेत टाकले. रांगेवरचा मुकादम, म्हणजे कामवाटपाचा एक प्रोग्रॅम, घरची यंत्रे भरली की उरलेले काम भाड्याच्या यंत्रांकडे पाठवीत होता.

हे बोलावयास सोपे असले तरी करण्यास तितके सोपे नाही. सावडीत माणसे एकमेकांस ओळखतात. भाड्याच्या यंत्रास कोण परका व कोण घरचा हे कळत नाही. म्हणून प्रत्येक संशोधकास दोन्हीकडे चालेल असे ओळखपत्र द्यावे लागते. प्रत्येक ठिकाणची यंत्ररचना वेगळी, म्हणून गणितास लागणारे सारे साहित्य एका पेटाऱ्यात बांधून पाठवितात. तो पेटारा कोठेही उघडला तरी गणित सारखेच चालते. स्वस्त भाड्याची यंत्रे घेतल्यास मालक ती अल्प सूचनेने काढून घेऊ शकतो. तेव्हा झालेले काम वरचेवर नोंदून ठेवावे लागते. आणि एक फसवे खर्चाचे कलम आहे. क्लाऊडवर माहिती नेण्यास बहुधा पैसे पडत नाहीत, परत आणण्यास पडतात. गोदामात माल फुकट उतरवून घ्यावा आणि बाहेर काढताना हमाली आकारावी, असा हा प्रकार! अनेकदा सारा हिशोब येथेच चुकतो. माझ्या मते जे काम बारमाही चालते त्यासाठी संस्थांनी स्वतःची व सावडीची यंत्रेच ठेवावीत. वर्षभर भाड्याने ट्रॅक्टर घेणाऱ्यास ट्रॅक्टर विकत घेणे परवडले असते, हे त्यास वर्षाच्या शेवटी कळते.

आता आपल्याकडील कामाविषयी. अनेक ठिकाणची माहिती एकत्र करून जेव्हा यंत्र ती तपासते, तेव्हा नोंदीत फरक पडला तर दुरुस्त करावयास मध्ये माणूस नसतो. भिवंडीत एकाच वाणास कोणी ‘कर्जत ३’ लिहितो, कोणी ‘क-३’, कोणी नुसते ‘कर्जत’. आपणास ते एकच वाटते. यंत्रास ते तीन वाण दिसतात, आणि कापणी-प्रयोगाचे उत्पन्न तीन ठिकाणी विभागले जाऊन त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाणाचे नाव पिशवीवरील खुणचिठ्ठीप्रमाणेच लिहावे. हळवा, निमगरवा की गरवा, हे स्वतंत्र रकान्यात लिहावे. गट क्रमांक, लावणीची तारीख व कापणीची तारीख कधीही अंदाजाने भरू नये; माहीत नसल्यास रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना यंत्रास ओळखता येतो, खोटी तारीख ओळखता येत नाही.

पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी ८.३० वाजता घ्यावी व ती मागील २४ तासांची समजावी. पाऊस नसल्यास शून्य लिहावे. नोंद घेतलीच नसेल, तर शून्य लिहू नये. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. कापणीच्या हंगामात तो पाहून मगच भाताला कोयता लावावा, आणि सल्ल्यात पाऊस असल्यास कापलेल्या भाताचे भारे खाचरात न ठेवता त्याच दिवशी खळ्यावर आणावेत.