नाव खोडले तरी

गेल्या वर्षी आईला तपासणीसाठी एका रुग्णालयात नेले होते. केसपेपरच्या खिडकीवरील गृहस्थांनी तिचा आधार क्रमांक घेतला आणि म्हणाले, "मोबाईलवर ओटीपी आलाय, तो सांगा." मी सांगितला. १४ आकडी क्रमांकाचे आरोग्य-कार्ड तयार झाले. त्या ओटीपीने आईने नेमका कशाला होकार दिला, हे मी विचारले नाही; आईला तर कोणीच विचारले नाही. हे मनात घोळत राहिले, आणि वाचता वाचता मी थेट आइसलँडला जाऊन पोचलो.

हा देश तेव्हा जेमतेम पावणेतीन लाख वस्तीचा. डिसेंबर १९९८ मध्ये तेथील संसदेने कायदा करून साऱ्या जनतेच्या वैद्यकीय नोंदी एका मध्यवर्ती संगणकीय भांडारात आणण्याचे ठरविले. जानेवारी २००० मध्ये डीकोड जेनेटिक्स या खाजगी कंपनीला त्याचा १२ वर्षांचा परवाना मिळाला. आनुवंशिक रोगांची मुळे शोधणे हा हेतू काही वाईट नव्हता. मेख होती ती संमतीत. ज्याला नको असेल त्याने तसे कळवावे. जो गप्प राहील त्याचा होकार धरला जाईल! सुमारे २० हजार लोकांनी नकार कळविला. पण जे वारले, त्यांनी कसे कळवावे?

एका मुलीने आपल्या दिवंगत वडिलांच्या नोंदी वगळाव्यात असा अर्ज केला. तो नामंजूर झाला. खालच्या न्यायालयातही ती हरली. नोव्हेंबर २००३ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. वडिलांच्या वतीने बोलण्याचा हक्क म्हणून नव्हे, तर वडिलांच्या आनुवंशिक नोंदींवरून तिच्याविषयीही अनुमान निघू शकते म्हणून. एकाच्या केसपेपरात घरच्या इतरांचेही काही लिहिलेले असते, हे मला त्या निकालातून प्रथम उमगले.

न्यायालयाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घातला, तरी वय, राहण्याचे ठिकाण, विवाह, शिक्षण यांवरून माणूस ओळखता येतो. आमच्या गावचेच पाहा ना. 'वय ६२, विधुर, निवृत्त शिक्षक, मधुमेहाने डावा पाय काढलेला' एवढे सांगितले की एसटी स्टँडवरचा पानवालासुद्धा घर दाखवील. नाव हवे कोणाला?

ते भांडार पुढे उभेच राहिले नाही.

आपल्याकडे २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना वेगळी आहे. नोंदी एका जागी गोळा होत नाहीत, जिथल्या तिथेच राहतात, आणि रुग्णाने होकार दिल्यावरच दुसऱ्याला दिसाव्यात असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण खिडकीपाशी मागे वीस माणसे खोळंबलेली असताना तो होकार कसा दिला जातो, ते मी वर सांगितलेच.

आईला मधुमेह आहे, आजीलाही होता. परवा मी तिला विचारले, "त्या कार्डाचं तू वाचलं होतंस का गं काही?"

"तू होतास ना तिथं," ती म्हणाली, "मला वाटलं, तू वाचलं असशील."