अंगणातला पाचोळा जाळू नका

हिवाळा लागला की आपल्याकडे अंगण झाडून पाचोळ्याची शेकोटी पेटते. पण त्याच पाचोळ्यात बेडूक, सापसुरळी, पतंगांचे कोष थंडी काढत असतात. गारठ्यात बेडकाचं अंगही गार पडतं. आग लागली तरी त्याला चटकन पळता येत नाही. सातभाई पक्षी तर पाचोळा उलथूनच किडे शोधतात.

म्हणून आपण एवढं करू या. पाचोळा जाळायचा नाही. दारापासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात त्याचा ढीग ठेवायचा. मुलांना त्यात हात घालू द्यायचा नाही, साप-विंचू असू शकतात. फजरच्या नमाजनंतर पसरट भांड्यात पाखरांसाठी ताजं पाणी ठेवायचं. जुनं रोज ओतून टाकायचं, म्हणजे डास होत नाहीत. हळूहळू कुजून त्याच पाचोळ्याचं खत होतं, ते आपल्याच झाडांना मिळतं.