दुकानासाठी संगणक घेताना : पैसा कुठे खर्चावा, कुठे वाचवावा?

जोगेश्वरीत स्वामी विवेकानंद मार्गावर, बेहरामबागेत किंवा पूर्वेकडच्या गल्ल्यांत दुकान-कारखाना चालविणाऱ्या आपल्या बंधूंना आता संगणकावाचून गत्यंतर राहिलेले नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि विवरणपत्रे संगणकावरून भरणे नशिबी आले. पण कापडाचा पोत बोटांनी ओळखणारे आपण लोक संगणक घेताना मात्र खोक्यावरची चकचकीत पट्टी बघून पैसे मोजतो.

आम्ही हा धडा महागात शिकलो. २००५ च्या सुरुवातीस आम्ही वह्या बंद करून उधारी संगणकावर चढविली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आमच्या दुकानात कमरेएवढे पाणी शिरले. जुन्या वह्या वरच्या फळीवर होत्या, त्या वाचल्या. संगणकाचा डबा टेबलाखाली होता, तो बुडाला. सहा महिन्यांची उधारी त्यातच होती आणि नक्कल कुठेच नव्हती. काही गिऱ्हाइके स्वतः येऊन आपली बाकी सांगून गेली, काही फिरकलीच नाहीत. कारागिरांच्या नगांचा हिशेबही गेला. आम्ही ज्याने त्याने सांगितला तो आकडा मान्य करून मजुरी दिली. वही हरवली ती आमची, त्याची झळ कारागिराला का?

कारागीर, टेबल आणि गोदाम

संगणकात तीन वस्तू नीट ओळखल्या की पुरे. प्रोसेसर म्हणजे कारागीर. रॅम, म्हणजे मेमरी, हे कापड बेतण्याचे टेबल. डिस्क म्हणजे गोदाम. कारागीर कितीही चपळ असला तरी टेबल अपुरे असेल, तर दर वेळी माल गोदामात नेऊन ठेवावा लागतो आणि काम रेंगाळते. संगणक "अडकतो" म्हणतात तो बहुधा असाच.

हिशेब, बिले, ईमेल आणि जीएसटीचे काम यासाठी ८ जीबी मेमरी हवीच. ४ जीबीवर विंडोज ११ चालू होते, पण काम सुखाने होत नाही. एम्ब्रॉयडरीची डिझाइने किंवा मोठी छायाचित्रे हाताळणाऱ्यांनी १६ जीबी घ्यावी. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून तिला मागणी वाढली. म्हणून आज ८ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि दुसरी खाच रिकामी राहील असा बोर्ड मागावा. गरज पडली की पुढे वाढविता येते.

गोदामाबाबत तडजोड नको. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. साधी एसएसडीदेखील हार्डडिस्कच्या कित्येक पट वेगाने माहिती देते. जुना संगणक कूर्मगतीने चालत असेल तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी बसवून पाहावी. दुकानाच्या हिशेबाला २५६ जीबी बहुधा पुरते.

महागड्या प्रोसेसरची मात्र गरज नाही. आपल्यापैकी अनेकजण वापरतात त्या टॅलीचीच हकीकत पाहा. कापड गिरण्यांना माल व यंत्रांचे सुटे भाग पुरविणारे श्यामसुंदर गोयंका यांना हिशेबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भारत यांनी १९८६ च्या सुमारास ते स्वतः लिहिले. व्यापाऱ्याच्या गरजेतून आलेली ही वस्तू आजही साध्या संगणकावर चालते. खेळांसाठी लागणारे महागडे ग्राफिक्स कार्ड दुकानदाराच्या काही कामाचे नाही.

"आय-फाइव्ह आहे" एवढ्यावर भुलू नका

ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड हा मुंबईतील संगणकांचा जुना बाजार. जोगेश्वरीहून धीम्या लोकलने थेट जाता येते. तेथे कंपन्यांनी काढून टाकलेले जुने संगणकही मिळतात. त्यांत चांगला माल असतो, पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. पिढी नावातच लिहिलेली असते : आय-५ ६५०० हा सहाव्या पिढीचा, तर आय-३ ८१०० हा आठव्या पिढीचा. म्हणजे नावाने लहान असलेला आय-३ येथे अधिक उपयोगी ठरतो.

पैसे देण्यापूर्वी संगणक आपल्यासमोर चालू करावयास सांगावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरचे नाव, मेमरी आणि डिस्कचा प्रकार दिसतो. सांगितलेला माल आणि दिसणारा माल जुळला तरच सौदा करावा.

बिल आपल्या जीएसटी क्रमांकासह पक्के घ्यावे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावरच्या कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही. विंडोज आणि टॅली यांच्या चोरून केलेल्या प्रतीही घेऊ नयेत. हलालाची कमाई ज्यात मांडायची ती वहीच चोरीची कशी चालेल?

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. कारागिरांची नावे आम्ही आजही उर्दूत लिहितो. त्यासाठी वेगळा संगणक लागत नाही, विंडोजमध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही कळफलक मिळतात.

वाचविलेल्या पैशांचे काय?

प्रोसेसरवर वाचलेल्या पैशांतून एक यूपीएस आणि दोन पेनड्राइव्ह घ्यावेत. वीज गेली तर यूपीएसमुळे चालू नोंद जतन करून संगणक रीतसर बंद करण्याएवढा अवधी मिळतो. दुकान बंद करताना रोज हिशेबाची नक्कल एका पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि दर जुम्याला दुसऱ्यावर घेऊन तो घरी न्यावा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. एवढी वर्षे एकाच डिस्कवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

आणि संगणकाचा डबा जमिनीवर ठेवू नये. आमचा आता छातीच्या उंचीवर, फळीवर आहे. गिऱ्हाइके पाहून हसतात. त्या डब्यात चौदा कारागिरांची मजुरी लिहिलेली आहे, हे आम्ही त्यांना सांगत बसत नाही.