फिनलंडची पीराक्का: रायची पारी, दुधातला मऊ भात आणि सुटलेलं गाव

ऐकता ऐकता प्रमाण लिहून घ्यायचं राहिलं, असं ज्यांचं झालं त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलण्यातलं थोडं आवरून घेतलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा पदार्थ आहे कार्यालनपीराक्का. नाव लांब आहे, पण अर्थ सरळ: कार्याला म्हणजे करेलिया हा प्रांत आणि पीराक्का म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ. तळहाताएवढी लांबट, होडीसारखी दिसते. खाली रायच्या पिठाची पातळ पारी, मधे दुधात शिजवलेला मऊ भात, कडेला चुण्या आणि वरून उघडी. फिनलंडमध्ये ही नाश्त्याला असते, प्रवासात असते, लग्नाच्या टेबलावरही असते. आपल्याला बरं नसताना जसा मऊ भात आठवतो, तशी तिथल्या माणसाला ही आठवते.

राय म्हणजे मोहरी नव्हे हं. राय हे गव्हाच्या कुळातलं, थंडी सोसणारं धान्य. उन्हाळा छोटा आणि जमीन हलकी असेल तिथेही ते येतं, म्हणून फिनलंडची रोजची भाकरी पिढ्यान्पिढ्या रायचीच. तांदूळ मात्र तिथे पिकत नाही. तो बाहेरून येतो. आधी या सारणात जव असायचे, कधी बटाटा. तांदूळ स्वस्त आणि सहज मिळायला लागल्यावर तो आत शिरला आणि मग तिथलाच झाला.

आता खरी गंमत भट्टीची. जुन्या फिनिश घरात विटा-दगडांची मोठी भट्टी असायची, लेइविनूनी. आत लाकडं जाळायची, विस्तव बाजूला काढायचा आणि तापलेल्या दगडांच्या धगीवर भाजायचं. पहिली धग भयंकर कडक असते. त्यात पातळ पीराक्का काही मिनिटांत होतात. धग जरा उतरली की पाव. आणखी उतरली की मटण, डुकराचं आणि गाईचं मांस मातीच्या भांड्यात पाणी, मीठ, मिरी घालून आत सरकवायचं आणि झोपायला जायचं. त्याचं नाव कार्यालनपाइस्ती. सकाळपर्यंत मांस चमच्यानं तुटेल इतकं मऊ होतं. अख्खा मेनू एकाच विस्तवाच्या उतरत्या उष्णतेवर बेतलेला! पाककृती वाचण्याआधी हे कळलं तर पीराक्का इतक्या कडक आचेवर का भाजतात, हा प्रश्न पडत नाही.

पण हे सगळं पूर्व फिनलंडचं. पश्चिमेकडे रीत वेगळी होती. तिथे स्वयंपाक वेगळ्या चुलीवर व्हायचा आणि भाजायची भट्टी वर्षातून मोजक्या वेळा पेटायची. मधे भोक असलेल्या रायच्या चपट्या भाकऱ्या एकदम ढीगभर भाजायच्या आणि छताजवळ काठीला ओवून वाळवायच्या. पूर्वेला भट्टी सारखी पेटलेली, म्हणून ताजा मऊ पाव आणि पीराक्का. एकाच देशात दोन स्वयंपाकघरं.

मग पूर्वेची ही गोष्ट सगळ्या देशाची कशी झाली? त्याचं उत्तर युद्धात आहे.

30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत संघानं फिनलंडवर हल्ला केला. मार्च 1940 मध्ये तह झाला आणि करेलियाचा मोठा भाग, वीपुरी शहरासकट, सीमेपलीकडे गेला. चार लाखांहून जास्त माणसं घर सोडून निघाली. देशातल्या साधारण दर आठ-नऊ माणसांमधलं एक! 1941 मध्ये पुन्हा युद्ध पेटलं, फिनिश सैन्यानं तो भाग परत घेतला, तेव्हा बरेच जण घरी गेले. पडझड झालेली घरं उभी केली. 1944 मध्ये पुन्हा सगळं सोडावं लागलं, या वेळी कायमचं.

ही कुटुंबं देशभर अनोळखी लोकांच्या घरांत वाटली गेली. 1945 च्या कायद्यानं त्यांना जमिनीचे तुकडे मिळाले. स्वागत सगळीकडे गोड झालं असं नाही. बोली वेगळी, काही जणांचा पंथ वेगळा, त्यामुळे टोमणेही बसले. आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात त्या बायका पीराक्का लाटायला बसल्या. भट्टी गेली, शेत गेलं, हाताची सवय तेवढी बरोबर आली. आज फिनलंडच्या कुठल्याही दुकानात ही फ्रोझन मिळते, तिची सुरुवात मला तरी या स्वयंपाकघरांतच दिसते.

2003 मध्ये युरोपियन युनियननं कार्यालनपीराक्का हे नाव पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदवलं. ही नोंद गावाची नाही, पद्धतीची आहे. म्हणजे कुठेही करा, पण रीतीनं करा. रीतीत न बसणारी तिथे नुसती 'भाताची पीराक्का' म्हणून विकली जाते. जिचं गावच सीमेपलीकडे गेलं, तिला हीच नोंद शोभते, असं मला वाटतं.

चला, आता ओटा पुसून घ्या.

आधी सारण. 1 वाटी तांदूळ, दीड वाटी पाणी, 4 वाट्या दूध, 1 छोटा चमचा मीठ. बासमती नको, तो मोकळा होतो. आखूड, चिकट तांदूळ हवा; आपला इंद्रायणी मस्त चालतो. पाण्यात तांदूळ शिजवा, पाणी आटलं की दूध घाला आणि अगदी मंद आचेवर 40-45 मिनिटं ठेवा. तळाशी लागतं, म्हणून मधूनमधून ढवळा. मीठ शेवटी. आपला हात सवयीनं साखरेकडे आणि वेलचीकडे जातो, तो आवरा. ही खीर नाही. (नुसता हाच भात दालचिनी-साखर घालून तिथे नाताळात खातात. त्यात एक बदाम लपवतात. ज्याच्या वाटीत निघेल तो नशीबवान.) सारण पूर्ण गार होऊ द्या. गरम भरलं तर पारी भिजून फाटते.

पारीला 2 वाट्या रायचं पीठ, अर्धी वाटी मैदा, 1 वाटी गार पाणी, 1 छोटा चमचा मीठ. रायच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. त्यामुळे लाटलेली पारी आखडत नाही, पण तुटते पटकन. मैदा तेवढ्यासाठीच. नुसती ज्वारी किंवा नाचणी घेतलीत तर चुण्या पडणारच नाहीत. राय मिळालीच नाही तर कणकेची करा, चव मात्र वेगळी लागेल. तो आंबूस-मातकट वास रायचाच.

साधारण 20 लाट्या करा. भरपूर पिठी लावून पुरीपेक्षा मोठ्या, जवळजवळ पारदर्शक लाटा. त्यासाठी फिनलंडमध्ये बारीक, टोकांना निमुळतं लाटणं वापरतात. तुमच्या घरचं पोळीचं लाटणं घ्या, त्यांना हेवा वाटेल.

मधे दीड-दोन चमचे सारण पसरा. दोन्ही बाजू आत दुमडा आणि चिमटीनं जवळजवळ चुण्या घाला, मोदकाला घालतो तशा, फक्त तोंड बंद करायचं नाही.

भट्टीची पहिली धग आठवा: 275 ते 300 अंश. घरचा ओटीजी बहुतेक 250 लाच थांबतो. मग तेवढाच ठेवा, पण ट्रे आतच ठेवून 20 मिनिटं तापवा आणि पीराक्का त्या गरम ट्रेवर सरकवा. 15-18 मिनिटांत भातावर तपकिरी डाग येतात. कमी आचेवर जास्त वेळ ठेवलीत तर पारी पापडासारखी होईल.

बाहेर काढल्यावर ती तशीही कडकच लागते. घाबरू नका. गरम दुधात लोणी वितळवून दोन्ही बाजूंनी लावा, एकावर एक रचा आणि वर फडकं झाका. पोळ्या डब्यात मऊ राहतात त्याच तत्त्वावर अर्ध्या तासात पारी मऊसर होते.

वर मुनावोइ लावतात, म्हणजे अंडं-लोणी: 2 उकडलेली अंडी कुस्करून 100 ग्रॅम मऊ लोण्यात, चिमूटभर मीठ. अंडं खात नसाल तर नुसतं लोणी लावा. घरचं पांढरं असेल तर उत्तमच. उरलेल्या पीराक्का फ्रीझरमध्ये टिकतात. काढल्यावर मायक्रोवेव्हपेक्षा तव्यावर, झाकण ठेवून, मंद आचेवर गरम करा.